गेट नंबर पाचच्या समोर

"चलो दिलीप! दिलीप! दिलीपवाले आगे आ जाओ!" कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला आणि माझ्या हातातली पिशवी सुटली, तिच्यातलं दवाखान्याचं कार्ड सीटखाली गेलं. ते काढायला वाकले तेव्हा लक्षात आलं, की मी त्याआधी मान वळवून बसच्या मागच्या दाराकडे बघितलं होतं. म्हणजे काय, तिथून कुणी ओ देणार होतं की काय? पंचाहत्तरी उलटलेली बाई मी, गुडघ्यांच्या गोळ्या आणायला निघालेली, आणि भर बसमध्ये असा वेडेपणा. शेजारची मुलगी म्हणाली, "आंटी, आप यहीं उतरती हैं ना?" हो गं बाई, इथेच. इतकी वर्षं इथेच उतरतेय. पण आजवर ह्या स्टॉपला पाच नंबर म्हणायचे. कारखान्याचं गेट नंबर पाच. कंडक्टर "पाँच नंबर, पाँच नंबर" करत यायचे आणि मीही "एक पाँच नंबर" म्हणून सुखाने तिकीट काढायची. आता रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिलेत, वर स्टेशनचा भलाथोरला डबा बसलाय. त्या स्टेशनाला गेटचं नाव राहू द्यायचं की समोरच्या रस्त्याचं द्यायचं, ह्यावर पिपलानीत, आमच्या जुन्या टाऊनशिपमध्ये, वाद चाललाय असं कानावर आलं होतं. वाद मिटायचा तेव्हा मिटेल, बसवाल्यांनी आपलं आधीच ठरवून टाकलेलं दिसत होतं. मी उतरले. रस्त्याच्या तोंडाशी ती निळी पाटी होतीच, पिंपळाच्या फांदीने अर्धी झाकलेली. ती मी वाचत नाही. ह्यांचं नाव आहे तिच्यावर.

ह्यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. टर्बाइन ब्लॉकला इंजिनिअर होते. मिरजेहून आम्ही दोघं इथे भोपाळला आलो तेव्हा टाऊनशिप नवी कोरी होती, एकसारखी पिवळी क्वार्टर्स, एकसारखी मेंदीची कुंपणं. नवं माणूस संध्याकाळी दुसऱ्याच्याच दारात सायकल लावून "पाणी दे गं" म्हणायचं. रस्त्यांना नावं नव्हतीच. मग एका सकाळी क्रेनचा माल सुटला आणि हे खाली होते. सुचेता तेव्हा पाळण्यात. कारखान्याने मला नगर प्रशासनाच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी दिली, क्वार्टर ठेवू दिलं, आणि क्वार्टरपुढच्या रस्त्याला ह्यांचं नाव दिलं. नाव आणि आडनाव दोन्ही, खाली मार्ग. पाटी लागली त्या दिवशी कुणीतरी पेढे वाटले. पेढे! मी तो पेढा तसाच मुठीत धरून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला, मुंग्या लागेपर्यंत तो तिथेच होता. लोक म्हणाले, केवढा मान. असेल बाई. मला एवढंच कळलं की आता दाराबाहेर पाऊल टाकलं की ते नाव पायाखाली येणार, आणि कुणी "कुठे राहता?" विचारलं की मला ते तोंडाने सांगावं लागणार.

आणि मी ह्यांचं नाव घेत नाही. आजच्या मुलींना हे सांगितलं तर त्या खो खो हसतात. हसा मेल्यांनो. आमच्याकडे आई नाही घ्यायची, काकू नाही, सासूबाई तर शेजारच्या घरातला त्याच नावाचा मुलगा असला तरी त्याला "ए बाळा" म्हणून हाक मारायच्या. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघींनी वाट अडवून धरल्यावर, यमकात गुंडाळून. लग्नात एकदा घेतलं, सासरी पाऊल टाकताना एकदा आणि डोहाळजेवणात एकदा. पण सुटं, नुसतं, खिडकीतून हाक मारावी तसं कधी नाही. हे गेल्यावर उखाणाही गेला. हळदीकुंकवाला बोलावणं थांबलं, तिथे नाव घे म्हणून कोण म्हणणार? तशी एक वाट होती, तीही बंद झाली. मी ती उघडायला गेले नाही हेही खरं. राग आला होता मला, सगळ्यांचाच.

ह्यांना मात्र ते नाव माझ्या तोंडून ऐकायचं होतं. लग्नाला वर्ष झालं असेल, रविवारी स्कूटरवरून मोठ्या तलावावर गेलो होतो. शेंगा खात कठड्यावर बसलो होतो आणि हे एकदम म्हणाले, "नले, एकदा नुसतं नाव घे ना माझं. इथे भोपाळात कोण बघतंय?" मी म्हटलं, "इश्श, काहीतरीच काय." "अगं पण का? ऑफिसात सगळे घेतात, चपराशीसुद्धा साहेब लावून का होईना घेतो, तूच तेवढी घेत नाहीस." मी लाजले आणि तोंडाला येईल ते बोलून गेले, "म्हातारी झाल्यावर घेईन." हे हसले. "नक्की?" "नक्की." "म्हणजे मला म्हातारं होईपर्यंत थांबायला हवं," असं म्हणून त्यांनी टरफलं पाण्यात टाकली. एवढंच बोलणं. ह्यांचा चेहरा आता मला फोटोतला आठवतो, खरा आठवत नाही. आवाज तर गेलाच, कधी गेला तेही कळलं नाही. त्या संध्याकाळचे शब्द आहेत, पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. ह्यांचं म्हणून जे माझ्यापाशी उरलंय ते हे एक न घेतलेलं नाव. ते मी राखून ठेवलंय. कुणासाठी, असं विचारू नका, ह्यांच्यासाठीच.

मग काय, जन्मभर वळसे घातले. रिक्षावाल्याला सांगायचं, गेट नंबर पाचच्या समोर. गॅसवाल्याला, पाचच्या समोर पिंपळाखालचं क्वार्टर. कधी अगदीच अडलं तर आडनाव घ्यायचं, "खांबेटे मार्ग चलो." आडनाव माझंही आहे, ते घ्यायला मला कोण अडवतंय? तर रिक्षावाला म्हणायचा, "कौन सा? खम... अच्छा अच्छा, दिलीप मार्ग!" आणि फटफट करत निघायचा. मला मागच्या सीटवर बसल्याबसल्या रडू यायचं आणि त्याच्या मानेवर एक फटका द्यावासाही वाटायचा. इथल्या लोकांना खांबेटे म्हणताच येत नाही. हळूहळू आडनाव गळूनच गेलं. ऑफिसात त्या रस्त्यावरच्या प्रत्येक क्वार्टरचा पत्ता मीच टाइप करायची. बोटांनी ते नाव किती वेळा घेतलं असेल देव जाणे. पण बोटांची गोष्ट वेगळी, त्यांना आवाज नसतो.

सुचेताने वडिलांचं नाव वाचलं ते त्या पाटीवर. नुकतीच अक्षरं जुळवायला लागली होती. माझं बोट धरून शाळेतून येताना पाटीखाली थांबली, मान वर करून एकेक अक्षर लावत गेली, आणि आडनावाशी येऊन अडकली. "आई, आपलं आडनाव इथे का लिहिलंय?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांचं आहे." "म्हणजे बाबांचं नाव दिलीप?" मी मान हलवली. तिला केवढा आनंद झाला! त्या रस्त्यावरून घरी येईपर्यंत उड्या मारत तेच म्हणत होती, बाबांचं नाव दिलीप, बाबांचं नाव दिलीप. दारादारांतून बायका बघत होत्या. तिला गप्प कर म्हणावं तरी कसं, आणि ऐकावं तरी कसं? मी पायांकडे बघत चालत राहिले.

हे सगळं त्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत बसल्याबसल्या वर आलं आणि गोळ्या घेऊन क्वार्टर सोडून आता राहतो त्या कोलार रोडच्या घरी पोचले तर बाळूभावजी येऊन बसलेले. बाळू केतकर, मूळचे ग्वाल्हेरचे, ह्यांच्याबरोबर त्याच ब्लॉकला होते. क्रेन सुटली तेव्हाही तिथेच होते. रिटायर झाले तरी पिपलानी सोडवत नाही त्यांना. सुचेताने त्यांना चहा दिला होता आणि स्वतः टेबलाशी बसून डोळे पुसत होती. "वहिनी, खुशखबर आहे," भावजी म्हणाले. "स्टेशनला आपल्या रस्त्याचं नाव द्यायचं, असा ठराव येतोय. रविवारी हॉलवर मीटिंग. काही लोकांचं म्हणणं, गेट नंबर पाचच राहू द्या, सबको पता है. मी म्हटलं, अहो गेट आहे कुठे? किती वर्षं झाली बंद होऊन, त्यावर बाभळी उगवल्यात. पण बघा, घरच्यांची परवानगी लागेल. तुम्ही बस हाँ म्हणा." मी पिशवीतल्या गोळ्या डबीत भरत राहिले. "वहिनी, रोज हजारो लोकांच्या तोंडी नाव येईल. गाडीत अनाउन्समेंट होईल." "तेच तर," मी म्हटलं. भावजींना कळलं नाही. "तेच तर म्हणतोय ना मी!" म्हणाले आणि खुशीत बशीत चहा ओतला.

ते गेल्यावर सुचेता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची झाली, बँकेत मॅनेजर आहे, पण रागावली की अजून तिचा खालचा ओठ तसाच पुढे येतो. म्हणाली, "तू नाही म्हणणार आहेस. मला माहितेय." मी म्हटलं, "रस्ता आहे तेवढा पुरे. तुझ्या बाबांना कुणी ओळखत नाही तिथे. निम्मी क्वार्टर्स ओस पडलीत, दारं-खिडक्या उपटून नेल्यात लोकांनी. ज्यांना माहीत होतं ते कोलार रोडला नाहीतर वर गेले. उद्या पोरंपोरी म्हणतील, दिली... त्या स्टेशनाखाली भेट, त्या स्टेशनावर भेळ चांगली मिळते. हे हवंय तुला?" "हो, हवंय," ती म्हणाली. "तुझ्यापाशी काहीतरी आहे, आई. तलाव आहे, स्कूटर आहे, शेंगा आहेत. तू मला कधी नीट सांगितलं नाहीस, पण तुझ्यापाशी आहे. माझ्यापाशी फक्त नाव आहे. तेही पाटीवरून मिळालेलं. ती पाटी गंजून पडायला आली, टाऊनशिप पाडून तिथे टॉवर उठणार म्हणतात. मग माझ्यापाशी काय राहील, सांग ना." बोलताना तिचा आवाज चिरकला. माझ्या पोटचं पोर, आणि ह्या एवढ्याशा गोष्टीत आम्ही दोघी दोन टोकांना. मला जे झाकून ठेवायचं होतं तेच तिला उघड्यावर टांगलेलं हवं होतं, आणि दोघींना हवं होतं ते एकच माणूस. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. तिनेही ताट तसंच ठेवलं.

रविवारी गेलो दोघी. गणपती बसतो तोच हॉल. पूर्वी तिथे नाटकं व्हायची, खुर्च्या पुरायच्या नाहीत. आता पुढच्या चार-दोन रांगांत पांढरी डोकी आणि मागे फोन बघत बसलेली तरुण मंडळी. पंख्यांचा आवाज भाषणापेक्षा मोठा. मी घरून नाही म्हणायचं ठरवून निघाले होते. अगदी वाक्यही तयार होतं, की रस्त्याचा मान आम्हाला पुष्कळ आहे, स्टेशन नको. भाड्याने राहणारी एक तरुण मुलगी उठून म्हणाली, "नाम से दिक्कत नहीं है, पर ये दिलीप जी थे कौन? किसी को तो बताना चाहिए." चांगली मुलगी, खरंच विचारत होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगणार तेवढ्यात बाळूभावजींनी माइक ओढून घेतला.

आणि ते जे काही बोलले! म्हणाले, क्रेन का माल झूल रहा था, नीचे मज़दूर काम कर रहे थे, दिलीप ने देखा, दौड़ा, एक-एक को धक्का देकर बाहर किया और खुद दब गया. हॉलमध्ये कुणी तरी च् च् केलं. मागच्या पोरांनी फोन खाली ठेवले. मी भावजींच्या तोंडाकडेच बघत राहिले. कारण मला जे माहीत आहे तेही भावजींनीच सांगितलेलं. हे गेले त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात, जमिनीवर बसून, लहान मुलासारखे रडत. "वहिनी, तो चष्मा पुसत होता हो. पाठ होती त्याची. मी ओरडलो, त्याला ऐकूच आलं नाही." चष्मा पुसत होते. ह्यांचं सगळं जाणं त्या दोन शब्दांत आहे. मी कितीदा ते डोळ्यांपुढे आणलंय: शर्टाचं टोक, दोन बोटं, काचेवर फुंकर. त्यात कुणी वीर नव्हतं, वाचवलेलं कुणी नव्हतं. एक माणूस उभा होता आणि त्याला नीट दिसावं एवढीच त्याची इच्छा होती. ह्यांना ह्यांचं साधं मरणही राहू दिलं नाही, असं मनात आलं आणि इतका संताप आला की मी उठलेच. माइक माझ्या हातात आला. भावजी माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी, आणि जरा भीतीही. त्यांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. नाव पास व्हावं म्हणून केलं होतं बिचाऱ्यांनी, मित्रावरच्या मायेपोटी.

मग मला सुचेता दिसली. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. तोंड किंचित उघडं, डोळे वाहताहेत आणि पुसायचं भान नाही. पाटीखाली मान वर करून उभी होती ना, अगदी तशी. तिला वडील मिळत होते. खोटे असले तरी धावणारे, हाक ऐकणारे. मी तिला काय देऊ शकत होते? चष्मा? मी आजवर तो तिला का दिला नाही कोण जाणे. तो माझा होता म्हणून असेल. आता तर द्यायची वेळच गेली. मी माइकमध्ये म्हटलं, "मला काही हरकत नाही," आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. मराठीत बोलले होते, तरी सगळ्यांना कळलं.

पुढे वरून निरोप आला, की नाव लहान हवं, पाटीत बसायला आणि बोलायला सोपं. सुचेताने अर्ज-विनंत्या करून पाहिल्या, पूर्ण नाव लिहा म्हणून. आडनाव काही राहिलं नाही. मला हसू आलं, कडू. जे मला घेता येत होतं तेवढंच नेमकं काढलं आणि जे घेता येत नव्हतं तेवढंच ठेवलं. भावजींचा फोन आला की पाटी लागली, वहिनी, काय झळकतेय! मी बघायला गेले नाही. गुडघे दुखतात म्हटलं. दुखतातच ते. औषधांना रिक्षाने जायची आणि मेट्रोच्या खांबांकडे पाठ करून बसायची. पण सुचेता ऐकेना. गाड्या सुरू झाल्यावर तिने माझ्या वाढदिवसाचं निमित्त काढलं. "एकदा फक्त ये आई माझ्याबरोबर. बाबांच्या स्टेशनवर उतरू, चहा घेऊ, परत येऊ." बाबांच्या स्टेशनवर! नाही तरी कसं म्हणू?

भर दुपार होती. शहराकडच्या बाजूच्या स्टेशनाला रिक्षाने गेलो. सरकता जिना, काचेसारखी फरशी, सगळीकडे नव्या रंगाचा वास. सुचेताकडे कार्ड होतं, बँकेत जायला रोज लागतं. म्हणाली, "कार्डावर एकालाच सोडतात, तू खिडकीवर तिकीट घे, मी पलीकडे थांबते," आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला, ती बोलत बोलत फाटकातून आत गेली. मी खिडकीशी. जाड काच, तिच्यामागे एक तरुण मुलगी, केस घट्ट बांधलेले. "कहाँ जाना है, अम्मा?" मी म्हटलं, "पाँच नंबर." "ऐसा कोई स्टेशन नहीं है." "खांबेटे मार्ग." "कौन सा?" "वो कारखाने के सामने, पीपल है ना..." "अम्मा, उस तरफ तो सारे ही कारखाने के सामने हैं. नाम बोलिए." माझ्या मागे माणसं उभी राहिली होती. कुणीतरी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एक बाई "जरा जल्दी" म्हणाली. आपण इथून निघून जावं असं वाटलं, पण आत सुचेता उभी होती, पाठमोरी, फोन कानाला. पुढच्या एखाद्या स्टेशनाचं तिकीट काढून मागे चालत यावं, असंही मनात आलं. किती वळसे घालायचे आता? पाय राहिले नाहीत तेवढे. मी काचेला तोंड लावलं आणि ते म्हटलं. अगदी हळू. इतक्या वर्षांनी, यमकाशिवाय. जिभेला ते अनोळखी लागलं.

"ज़ोर से बोलिए, आवाज़ नहीं आ रही."

"दिलीप!" मी म्हटलं.

मार्ग म्हणायचं राहूनच गेलं. नुसतं नाव आलं तोंडातून, आणि काय आवाजात आलं! दारात उभं राहून आतल्या माणसाला हाक मारावी तसं, आतून तो लगेच ओ देईल अशा भरवशाने. त्या उंच छताखाली ते घुमलं. फाटकापलीकडे सुचेताने फोन कानावरून खाली घेतला आणि वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नव्हतं. आणि मी, कप्पाळ माझं, मी खरंच थांबले होते. हाक मारल्यावर माणूस थांबतं ना, तेवढीच. म्हातारी झाले होते मी. घेतलं होतं नाव. कबूल केलं होतं तसं घेतलं होतं.

"हाँ, दिलीप मार्ग," काचेमागची मुलगी बटणं दाबत म्हणाली. "एक ही ना, अम्मा?"

"एकच," मी म्हटलं. "एकच दे बाई."